चुलीचा नेवता

सावली गावच्या बाजारात एका वांगीवालीनं मला विचारलं होतं, "साहेब, तुमी मिलिटरीत होते म्हणतेत. बंदूक चालवत होते का गाडी?"

"दोन्ही नाही. जेवण पोचवत होतो."

तिनं तागडीत वांगी टाकता टाकता मला नीट न्याहाळलं. "मंग भाव काऊन करून राह्यले? तुमाले तर सारं मालूम असन."

सैन्याच्या रसद विभागात मी अख्खी नोकरी काढली आणि लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो. लढणाऱ्या पलटणीतले मित्र आम्हाला गमतीनं वाणी म्हणत. माझ्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. वरोऱ्याला आमचं किराणा दुकान आहे. डाळ-तांदळाच्या पोत्यांत जन्म जायला नको म्हणून मी पुस्तकं जवळ केली, परीक्षा दिली, अधिकारी झालो, आणि प्रशिक्षण संपल्यावर नेमणूक मिळाली ती रसद विभागात. सुट्टीवर घरी आलो तेव्हा अब्बा गल्ल्यावर बसलेले होते. माझ्या गणवेशावरून हात फिरवत ते म्हणाले, "दुकान सोडून पळाला होतास ना? सरकारनं तुला आणखी मोठ्या दुकानात बसवलं."

बाहेरच्या माणसाला हे काम सांगायचं तर सोपं आहे. जवानाला रोज किती पीठ, किती तांदूळ, किती डाळ, तेल, साखर मिळायची हे ठरलेलं असतं. त्याला आम्ही स्केल म्हणतो. जो अंडं खात नाही त्याला अंड्याऐवजी काय द्यायचं, हेही ठरलेलं असतं. आमचं काम एवढंच की ते सगळं त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे, मग तो रेल्वे स्टेशनाजवळ असो की ढगांच्या वर. बर्फाच्या भागात हिवाळ्यात खिंड बंद होते. मधले कित्येक महिने वर काहीच जात नाही. म्हणून खिंड उघडी आहे तोवर हिवाळाभराचं रेशन, रॉकेल, औषधं वर चढवून ठेवायची. शेवटचे ट्रक वळणं घेत चढत असतात, पश्चिमेकडून ढग येत असतात, आणि आपण खाली उभे राहून एकदा ट्रककडे आणि एकदा ढगाकडे बघत असतो. मी शांत स्वभावाचा माणूस आहे. त्या वेळी मात्र माझं काळीज ढोलासारखं वाजायचं. इतका आनंद मला दुसऱ्या कशातच मिळाला नाही, आणि हे मी माझ्या बायकोपाशी, नसीमपाशी कधी कबूल केलं नाही.

वरच्या चौक्यांना ताजं मांस मिळावं म्हणून आम्ही जिवंत बकरे पाठवायचो. ते स्वतःच्या पायांनी चढत, त्यामुळे वाहतुकीचा त्रास नसे. एका चौकीवर गडचिरोलीकडचा, धानोऱ्याच्या जंगलातला एक गोंड जवान होता. त्या चौकीची पुढची मागणी आली तेव्हा माझा हवालदार ती घेऊन माझ्याकडे आला. मागणीत मांस नव्हतं. चारा होता. मी बिनतारी यंत्रावर चौकीच्या सुभेदाराला विचारलं, बकऱ्यांचं काय झालं? तो म्हणाला, "साहेब, त्या गडचिरोलीच्या पोरानं एकेका बकऱ्याला नाव दिलं आहे. आता कापणार कोण?" स्केलमध्ये नाव दिलेल्या बकऱ्यासाठी चाऱ्याची तरतूद नव्हती. मी चारा पाठवला. तो कसा पाठवला, हे निवृत्त झाल्यावरही सांगणं बरं नव्हे.

अशा किश्शांवर आमच्या घरात वर्षानुवर्षं हसणं झालं. नसीम हसताना म्हणायची, "सगळ्या दुनियेला जेवू घाला." घरच्या चुलीचं काय, हे पुढचं वाक्य ती बोलत नसे.

नसीम आता नाही. गेल्या पावसाळ्यात ती गेली. तिचं माहेर सावलीच्या पुढे, वैनगंगेकडे जाताना लागणारं एक धानाचं गाव. गावात मुसलमानांची मोजकी घरं. तिच्या वडिलांनी तिथं धानगिरणी टाकली, आता ती तिचा भाऊ रशीद चालवतो. माझ्या नेमणुका बहुतेक अशा ठिकाणी असत जिथे कुटुंब नेता येत नसे. म्हणून नसीम आमच्या लेकीला, सनाला घेऊन माहेरीच राहिली. सना त्याच गावच्या शाळेत शिकली, त्याच गावच्या तळ्यात पोहली. तिचं लग्न गडचिरोलीच्या मुलाशी ठरलं तेव्हा नसीम अंथरुणावर होती. लग्न आपल्या गावातच करायचं आणि आपण गेलो तरी तारीख हलवायची नाही, या दोन गोष्टी तिनं बजावून ठेवल्या होत्या. आम्ही दोन्ही पाळल्या.

धान कापून झाल्यावरचे, थंडीचे दिवस. लग्नाचं जेवण मी स्वतः आखलं. आयुष्यभराचं कामच ते. वऱ्हाडासाठी आणि आमच्या नातेवाइकांसाठी बिर्याणी, तिचा बावर्ची वरोऱ्याहून. गावकऱ्यांसाठी वेगळ्या मांडवात वरण, भात, वांग्याची भाजी आणि बुंदी, त्याचे आचारी गावातले तुळशीरामभाऊ. रशीद घरोघर जाऊन सांगून आला होता. गावाकडे लग्नाला घरटी एखाद-दुसरा माणूस येतो, असं मी धरलं. वर थोडी भर घातली, कारण वाटेत गळती होतेच. सगळं जागच्या जागी होतं. नसीम असती तर तिनं माझ्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून नाक मुरडलं असतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी फिरायला निघालो. सूर्य नुकताच वर आला होता. तळ्याच्या पाळीवर पोचल्यावर मी थांबलो. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं. गावावर धूर नव्हता.

आता घरोघर गॅस आहे, तरी थंडीत पाणी तापवायला, भाकरीला चूल पेटतेच. या वेळेला कौलांवरून निळसर धुराचा थर पसरलेला असतो. आज सगळी छपरं कोरडी ठणठणीत. फौजेत अशी शांतता दिसली की आम्ही कारण शोधायचो. मी भरभर खाली उतरलो.

पहिलंच घर पार्बताबाईचं. ती नसीमच्या आईच्या वयाची, नसीमला अंगाखांद्यावर खेळवलेली. गावचा जावई म्हणून मला जवाईबापू म्हणते आणि त्या नात्यानं हवं ते बोलून घेते. ती उन्हात घोंगडी पांघरून बसली होती आणि कुडकुडत होती.

"बाई, बरं नाही का?"

"मले काय होते? थंड्या पाण्यानं आंग धुतलं ना."

"पाणी तापवलं नाही?"

"चूल बंद आहे." वेड्याकडे पाहावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. "साऱ्या गावाची बंद आहे. तुमच्या घरचा नेवता हाय ना."

"नेवता म्हणजे जेवायचं आमंत्रण. चूल कशाला बंद?"

"अगा बापू, नेवत्या-नेवत्यात फरक असते. घरचा नेवता असला का घरचा एक माणूस जाते. चुलीचा नेवता असला का घरची चूलच पेटत नाई. म्हातारे, लेकरं, घरी आलेले पाव्हणे, गडीमाणसं, सारेच्या सारे जेवाले. चहा बी नाई करा लागत. हा चुलीचा नेवता हाय."

"रशीदनं दिला?"

"रशीदचा काय संबंध? बाई बाईले देते चुलीचा नेवता. नसीमनं देल्ला."

"कधी?"

"सनाले कावीळ झाली होती ना, लहानपणी. तुमी तिकडं बरफात. नसीम रातदिस पोरीपाशी. तिची चूल किती दिवस पेटली नाई. गावानं ताटं पाठवली, एका घरून सकाळी, दुसऱ्या घरून सांजच्याले. पोर बरी झाली तवा नसीम इथीच बसून बोलली, माह्या सनाच्या लग्नात या गावात एक बी चूल पेटू देणार नाई."

कावीळ झाल्याचं मला माहीतच नव्हतं. पत्रात नसीमनं लिहिलं होतं की सनाला जरा ताप होता, आता बरी आहे.

"पण बाई, नसीम आता..."

"माणूस मरते. नेवता मरते का?"

मी परत निघालो तो जवळजवळ पळतच. डोक्यात आपोआप घरं भरायला लागली. घरटी एक माणूस धरला होता. आता घरटी सगळी माणसं, वर सुगीला आलेल्या लेकी-सुना, नातवंडं, आणि लग्नासाठी मुद्दाम थांबलेले पाहुणे. शिवाय धानाच्या मुलखातला माणूस भात किती खातो, हे फौजेच्या स्केलला माहीत नाही. माझ्याकडे जे शिजणार होतं त्यात अर्धं गावही जेवलं नसतं. उरलेलं अर्धं गाव, सकाळपासून उपाशी, नसीमच्या दारातून, वऱ्हाडाच्या डोळ्यांदेखत परत गेलं असतं. आणि तिच्या शब्दाखातर उपाशी राहिलेलं असल्यामुळे एकानंही तक्रार केली नसती.

रशीदला सांगितलं तेव्हा तो गिरणीच्या पायरीवर खाली बसला. "दुल्हाभाई, मले नसीमआपानं कायी सांगतलं नाई. खुदाकसम." मग थोडा विचार करून म्हणाला, "असं करू. खालच्या आळीले हळूच सांगू का तुमी घरी रांधून घ्या. समजदार लोक हायत. बुरा नाई मानणार."

त्याचं म्हणणं शहाणपणाचं होतं. मीही तेच सांगितलं असतं. पण मागे खिडकीत सना उभी होती, हात मेंदीनं भरलेले, म्हणून कोपरानं पडदा सरकवून. तिनं सगळं ऐकलं होतं.

"अब्बू," ती म्हणाली, "बकऱ्यांना चारा पोचवला होता ना तुम्ही? हे गाव तर दारात आहे."

बस्स. त्यानंतर काय झालं ते सांगताना आजही माझा हात भरभर चालायला लागतो. ढग पश्चिमेकडून आले होते आणि खिंड उघडी होती.

पहिली अडचण तुळशीरामभाऊ. ते दोन कढयांच्या मध्ये उभे राहून नुसते मान हलवत होते. "नाई होत साहेब. गंज नाई, चुली नाई, तांदूळ नाई." गंज म्हणजे इकडची मोठी पातेली.

"तांदूळ गिरणीत आहे."

"तो नवा हाय. नव्या तांदळाचा गिचका होते. लग्नात गिचका वाढला का लोक जलमभर नाव घेतेत."

"पाणी कमी घालू. मोठ्या भांड्यात शिजवायचा नाही, लहान लहान शिजवू आणि लगेच उपसू."

ते माझ्याकडे पहिल्यांदाच माणूस म्हणून बघू लागले. "तुमाले रांधता येते?"

"मला रांधून घेता येतं."

"मंग चुली?"

चुलींचं उत्तर फौजेत फार जुनं आहे. जमिनीत लांब चर खणायचा, वाऱ्याच्या तोंडाला मोकळा ठेवायचा, आत लाकडं लावायची आणि वर एका रांगेत भांडी ठेवायची. एकाच जाळावर भांड्यांची रांगच्या रांग शिजते. गिरणीमागची बांधी, म्हणजे धानाचं वावर, कापून मोकळी पडली होती. मी अंगातला स्वेटर काढून रशीदच्या हातात दिला आणि फावडं मागितलं. गावची तरणी पोरं धावली. एका म्हाताऱ्यानं बांधावरून आवाज दिला, "जवायाले मातीत घातलं रे! नसीमचा बाप वरून पाहून राह्यला असन!" दुसरा म्हणाला, "पाहू दे. जवाई पहिल्या खेपेले कामाले आला."

मांडवातल्या भोंग्यावर लग्नाची गाणी चालू होती. ती बंद करायला लावून मी स्वतः बोललो. चूल कुणीही पेटवू नये. घरातला सगळ्यात मोठा गंज गिरणीमागे आणून द्यावा. जेवायला येताना आपलं ताट आपण आणावं. छावणीतला जवानही आपलं ताट आपणच आणतो, त्यात कमीपणा नाही.

आणि गंज यायला लागले. डोक्यावरून, सायकलवरून, बैलगाडीतून. पितळी, जर्मनचे, काळे, चेपलेले. ज्या घरातून गंज आला त्या घरातली बाईही मागोमाग आली, कारण तिला घरी काम नव्हतं. पार्बताबाईनं घोंगडी फेकून दिली, बायकांची रांग लावली आणि तांदूळ निवडायला बसवलं. "हात चालवा, तोंड मागून चालवा," तिचा आवाज चरापर्यंत येत होता. कुणाच्या वाडीतली वांगी आली, कुणी कोथिंबीर उपटून आणली. तुळशीरामभाऊ आता चराच्या कडेनं फेऱ्या मारत होते, हातात लांब उलथणं, गळ्यात टॉवेल, अगदी एखाद्या सुभेदारासारखे. पहिल्या गंजातलं शीत त्यांनी बोटांत दाबून पाहिलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "मोकळा झाला." परीक्षेचा निकाल ऐकतानाही मी इतका उडालो नव्हतो.

तेवढ्यात वऱ्हाड आलं. नवरदेवाचे वडील निवृत्त मास्तर, अतिशय रीतभात पाळणारे. त्यांनी विचारलं, "कर्नलसाहेब कुठे आहेत?" कुणीतरी सरळ सांगितलं, "चरात." ते बांधीवर आले तेव्हा मी गुडघ्याएवढ्या खड्ड्यात वाकून जाळ सारखा करत होतो, तोंडाला काजळी, हाताला राख. मी तसाच वर येऊन सलाम केला. त्यांना वाटलं लग्नघराला आग लागली. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला. "म्हणजे आज गावात एकही चूल पेटलेली नाही?"

"एकही नाही."

"मग ती कुठली?"

मी वळून पाहिलं. गावाच्या मधोमध एका छपरातून धुराची सरळ, जाड रेघ आकाशात चालली होती. मी धावलो. माझ्यामागे रशीद, त्याच्यामागे पोरं. गल्ली ओलांडली, वळलो, आणि धूर ज्या दारातून येत होता त्या दारात थबकलो. ते आमचंच होतं. रशीदची बायको चुलीवर मोठं पातेलं ठेवून वऱ्हाडासाठी चहा करत होती.

"अगं, काय करून राह्यली?" रशीद ओरडला.

"पाव्हण्याले चहा नको?" ती उलट म्हणाली. "गावाची बंद हाय, आपली कुठं बंद हाय? आपण नेवता देणारे."

तर्क बिनतोड होता. तरी मी माठातलं पाणी चुलीत ओतलं. राखेचा लोट उठला आणि दारात जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. चहा चरावर झाला. वऱ्हाडानं तो चराच्या कडेलाच उभं राहून घेतला आणि मास्तरांनी दुसऱ्यांदा मागितला.

निकाह झाला. सनानं "कबूल" म्हटलं ते मला आतून ऐकू आलं, कारण त्या क्षणापुरतं तुळशीरामभाऊंनी सगळ्यांना भांड्यावर भांडं आपटायचं थांबवायला लावलं होतं. मग पंगती सुरू झाल्या. आधी लेकरं आणि म्हातारे, मग गडीमाणसं, मग बाकीचे. एक पंगत जेवत असताना दुसरीचा भात उतरत होता आणि तिसरीचा चढत होता. मध्येच भाजी संपते की काय असं झालं, पण खालच्या आळीतून वांग्यांचं आणखी एक टोपलं आलं. प्रत्येक पंगत उठली की माझ्या छातीवरचं एक पोतं उतरायचं. वऱ्हाडातले काही पाहुणे बिर्याणी झाल्यावर चव बघायला म्हणून इकडच्या मांडवात आले आणि उठेनात. सनाची पाठवणी झाली तेव्हा गावातली प्रत्येक बाई तिला भेटायला हजर होती. स्वयंपाकाला घरी कुणीच गेलेलं नव्हतं.

शेवटची पंगत रांधणाऱ्यांची. उन्हं कलली होती. पार्बताबाईनं मला आपल्या शेजारी ओढून बसवलं आणि स्वतःचं दुसरं ताट माझ्यापुढे सरकवलं. दिवसभरात पहिल्यांदा मी खाली बसलो.

"बाई," मी म्हटलं, "नसीम जाऊन इतके दिवस झाले. मला आधी सांगितलं असतं तर मी सगळी तयारी केली असती."

"मीनं म्हणलं होतं तिले. आखरीले भेटाले गेल्ती तवा. म्हणलं, जवाईबापूले सांगून ठेवतो." ती भात कालवत होती. "तिनंच मना केलं."

"का?"

"म्हणे, त्याइले आधी सांगू नका. आधी सांगतलं का ते बसतीन मोजमाप करत, आन् अर्ध्या गावाच्या चुली पेटवाले लावतीन. अडलं का सांगजा, म्हणे. अडल्यावर माहा माणूस कोनाले उपाशी ठेवत नाई."

नोकरीत वरिष्ठ माझा गोपनीय अहवाल लिहीत. कामात चोख, अबोल, वाचनाची आवड, असं काहीबाही त्यात असे. इतका नेमका शेरा माझ्याबद्दल कुणीच लिहिला नव्हता.

वाढणारा पोरगा समोर येऊन उभा राहिला. मी विचारलं, "भात आहे का अजून?"

"लय हाय, साहेब."

"वाढ मग," मी म्हटलं.